डाव्या कुशीतला खडा

मुरूडहून आगरदांड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, बुद्धविहाराच्या मागच्या अंगाला मैनाबाईंचं घर. पत्ता विचारायची गरज नाही. मुतखड्याचं औषध देणारी बाई कुठे राहते, एवढं म्हटलं की रिक्षावाला दारात नेऊन सोडतो. रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंतची माणसं कंबर धरून तिथे आली आणि सरळ चालत परत गेली. परसात पानफुटीचा ताटवा, चुलीवर कुळथाचं पाणी आणि वरून मैनाबाईंची जीभ, असं ते औषध. पान उपाशीपोटी चावून खायचं, पाणी दिवसभर प्यायचं आणि बाई बोलतील ते मुकाट ऐकून घ्यायचं. एकदा मोटारीतून आलेल्या एका साहेबाला त्यांनी विचारलं होतं, घोटभर पाणी घशाखाली उतरवायलाही शिपाई लागतो का तुम्हाला. साहेब हसला, पण पाणी प्यायला लागला.

मंतर नाही, अंगारा नाही, लिंबू नाही. कोणी पाया पडून काही पुटपुटाल का म्हणून विचारलं, तर बाई त्याला उठवून लावायच्या. आमच्यात बुवाबाजी न्हाय, पाला हाय, खायचा तर खा, म्हणायच्या.

खडा पडला की लोक तो कागदाच्या पुडीत बांधून दाखवायला आणत आणि मैनाबाई तो काचेच्या बरणीत टाकत. बरणी ओटीवरच्या फळीवर, येणाऱ्याच्या पहिल्या नजरेत भरेल अशी. त्यांची शाळा तिसरीतच सुटली होती, पण बोलण्यात त्या कोणाला हार गेल्या नाहीत. सून प्रज्ञा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची सर्टिफिकेटं भिंतीवर चौकटीत. मुलगा रत्नपाल एस.टी.च्या आगारात मेकॅनिक. तो म्हणायचा, बायकोच्या पदव्या भिंतीवर, आईच्या बरणीत, आणि मी दोघींच्या मधे पाना घेऊन उभा.

अशा बाईच्या डाव्या कुशीत कळ सुरू झाली.

मैनाबाई घाबरल्या नाहीत. त्यांना राग आला. अख्ख्या तालुक्याचे खडे जिच्या हातून पडले, तिच्याच अंगात खडा व्हावा म्हणजे काय? त्यांनी सकाळी सगळे उठायच्या आत परसात जाऊन पान तोडलं, तिथेच उभ्याने चावलं आणि कोणाला कळू दिलं नाही. कुळथाचं पाणी तर घरात असतंच; एक तांब्या जास्त कोणाच्या लक्षात येतोय. मोरीत जाताना त्या जुन्या पातळाचा धुवट तुकडा न्यायच्या, खडा पडला तर हाती लागावा म्हणून. खडा सोडा, रेतीसुद्धा पडली नाही. लघवी मात्र एके दिवशी कोकमाच्या आगळासारखी लालसर झाली. खडा घासतोय, दुसरं काय, असं त्यांनी मनाला सांगितलं. हेच वाक्य त्यांनी इतक्या लोकांना सांगितलं होतं की ते खोटं असेल असं त्यांना वाटेना.

आणि सांगणार तरी कोणाला? शेजारची वेणूबाई टपूनच बसलेली. तिने अलिबागला जाऊन मशिनीने खडा फोडून घेतला होता आणि तेव्हापासून ती पाल्यात काय असतं हो, म्हणत वाडीभर फिरत होती. मैनाबाईंचा पाला मैनाबाईंनाच लागू पडत नाही हे तिच्या कानावर गेलं असतं, तर तिने विहारातल्या माइकवरून सांगितलं असतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सहा वर्षांपूर्वी मैनाबाईंना कॅन्सर झाला होता. पिशवीच्या तोंडाचा. बायका ज्या जागेचं नावही पदर तोंडावर घेऊन काढतात, त्या जागेचा आजार त्यांनी चारचौघांत मोठ्याने सांगितला, मुंबईला जाऊन शेक घेतले, सलाईनी घेतल्या आणि बऱ्या होऊन आल्या. डॉक्टरांनी दर वर्षी दाखवायला या म्हणून बजावलं होतं. पहिली काही वर्षं त्या गेल्याही. मग एका वर्षी त्यांनी रत्नपालला ठणकावून सांगितलं की त्या रोगाला मी मुंबईला पुरून आलेय, मेलेल्याची दर वर्षी चौकशी करायला जातं का कोणी. रत्नपालने दोनदा म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. आईशी वाद घालण्यापेक्षा बसचं इंजिन उतरवणं त्याला सोपं वाटायचं.

त्यामुळे डावी कूस दुखायला लागली तेव्हा तो जुना आजार मैनाबाईंच्या डोक्यातही आला नाही. तो खाली होता, हे वर होतं. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि बायका पांढऱ्या साड्या नेसून यायच्या. मैनाबाई पुढच्या रांगेत, वाचणाऱ्याच्या अगदी समोर. स्वतःला धड जोडाक्षर वाचता येत नव्हतं, पण वाचणारा अडखळला की त्या घसा खाकरायच्या. त्या संध्याकाळी वाचन संपलं, सगळे उठले, आणि मागे बसलेल्या प्रज्ञाला सासूच्या पांढऱ्या साडीवर मागच्या बाजूला डाग दिसला. लाल, ओला.

प्रज्ञा पुढे झाली आणि सासूच्या अगदी पाठीला लागून चालू लागली. वेणूबाई बाजूला यायला लागली तेव्हा तिला म्हणाली, काकी, तुमची छत्री आत राहिली वाटतं. वेणूबाई परत आत गेली. तेवढ्यात दोघी घरी पोचल्या. मैनाबाईंना वाटलं, आज हिला एवढी घाई कसली, पायात पाय घालतेय नुसती.

घरात शिरल्यावर प्रज्ञाने दार ओढलं.

"आई, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

प्रज्ञाने साडीचा मागचा भाग धरून पुढे आणला. मैनाबाईंनी बघितलं. मग दुसरीकडे बघितलं.

"खडा हाय," त्या म्हणाल्या. "घासतोय. पडंल."

"पडला असता तर बरणीत दिसला असता," प्रज्ञा म्हणाली.

मैनाबाईंनी साडीचा काठ तिच्या हातातून सोडवून घेतला. रत्नपाल डबा ठेवून आतल्या दारात उभा राहिला होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि उद्या रजा टाकतो म्हणाला.

प्रज्ञाच्या मनात एकच होतं की जुना आजार त्याच जागी परत आला. मैनाबाईंच्या मनात एकच होतं की खडा आहे. अलिबागला जाईपर्यंत एस.टी.त दोघी शेजारी बसून एकमेकींशी बोलल्या नाहीत. रत्नपाल पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला क्लच कसा लागतोय ते विचारत होता.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी आधी खालून तपासलं. वेळ घेऊन तपासलं. म्हणाल्या, ती जागा अगदी स्वच्छ आहे, जखमेचा जुना वण तेवढा आहे. प्रज्ञाने भिंतीला टेकून श्वास सोडला. मैनाबाई टेबलावरून अशा उतरल्या जशी निवडणूक जिंकली. बाहेर येऊन रत्नपालला म्हणाल्या की तुझ्या मास्तरणीला काय वाटत होतं ते विचार, आणि मला आता वडा-पाव खायचाय.

पण डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी लिहून दिली होती. तिथल्या डॉक्टरने पोटावर गार गार चीक लावून मशीन फिरवलं. उजव्या बाजूला पटकन झालं. डाव्या बाजूला त्याचा हात थांबला. परत फिरला, परत थांबला. मैनाबाई पडद्याकडे बघत होत्या; त्यांना त्यात ढगांशिवाय काही दिसत नव्हतं.

"केवढा हाय?" त्यांनी विचारलं.

"आजी, खडा नाहीये."

"नीट बघा. असंल. कधी कधी कोपऱ्यात बसतो."

डॉक्टरने परत बघितलं, त्यांच्या समाधानासाठी असेल. मग मशीन बाजूला ठेवून तो प्रज्ञाशी बोलायला लागला, आणि डॉक्टर पेशंटला सोडून घरच्यांशी बोलायला लागला म्हणजे काय, हे मैनाबाईंना सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. किडनीत गाठ होती.

वडा-पाव राहिला.

मुंबईला जायचं तर बोटी अजून बंद होत्या, पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला बोटी सुटत नाहीत. पेणवरून खड्ड्याखड्ड्यांतून गेले. प्रत्येक खड्ड्याला कुशीत सुरी फिरायची, आणि प्रत्येक खड्ड्याला मैनाबाई रस्ते बांधणाऱ्याच्या सात पिढ्या काढायच्या. रत्नपालला ते ऐकून बरं वाटत होतं. आई गप्प बसली की त्याला भीती वाटायची.

सहा वर्षांपूर्वीचंच इस्पितळ. नवीन स्कॅन झाला, सुई घालून गाठीचा तुकडा काढला. मोठ्या डॉक्टरांना वाटलं होतं किडनीचाच वेगळा कॅन्सर असेल. तसाच बहुधा असतो. तुकड्याची तपासणी होऊन आली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या डॉक्टर रश्मींनी तिघांना आत बोलावलं. चष्मा लावलेली, बारीक आवाजाची बाई. मैनाबाईंना ती प्रज्ञाच्या शाळेतल्या एखाद्या हुशार मुलीसारखी वाटली.

"आजी, हा किडनीचा कॅन्सर नाही," ती म्हणाली. "हा तुमचा जुनाच आहे. पिशवीच्या तोंडाचा. तिथली एखादी पेशी तेव्हाच निसटली असेल, रक्तातून वाहत किडनीत जाऊन बसली आणि आता वाढली."

"तिथं तर काय न्हाय म्हणाल्या अलिबागच्या बाई."

"बरोबर आहे. तिथे काही नाहीच. फक्त इथे आहे."

मैनाबाईंना ते पचायला वेळ लागला. पुरून आलो म्हणून निर्धास्त राहायचं, आणि त्याने दुसऱ्या दाराने आत येऊन आपल्याच घरात बिऱ्हाड करायचं, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटलं. कोणाला तरी जाब विचारायला हवा होता. समोर ही पोर होती, पण तिच्यावर तोंड सोडवेना.

डॉक्टर रश्मींनी पुढचं सगळं नीट सांगितलं. हा आजार पसरायचा झाला तर फुप्फुसात, लिव्हरमध्ये, हाडांत जातो; किडनीत फार क्वचित. म्हणून आता अख्ख्या अंगाचा स्कॅन करायचा. फक्त या एका किडनीत असेल, तर किडनी काढून टाकता येते, दुसरी चांगली आहे, ती काम सांभाळेल. आणि आणखी ठिकाणी असेल तर मग ऑपरेशनला अर्थ नाही, औषधांनी जेवढं आवरता येईल तेवढं आवरायचं. ती एवढंच म्हणाली. तेवढ्यात सगळं आलं.

रत्नपाल खुर्चीच्या दांड्यावरचं रंगाचे पोपडे नखाने काढत बसला होता. प्रज्ञाने सासूच्या हातावर हात ठेवला. मैनाबाईंनी तो काढला नाही, धरलाही नाही.

"क्वचित म्हंजे किती?" मैनाबाईंनी विचारलं.

"म्हणजे, मी तरी पहिल्यांदाच बघतेय. आमच्या मोठ्या सरांनीही फारसे बघितलेले नाहीत."

मैनाबाई खुर्चीत सरळ झाल्या. पदर नीट केला. म्हणजे साध्यासुध्या बायकांना होत नाही तर, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर उमटलं. प्रज्ञाला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं नाही, डॉक्टरांना स्कॅन कधी ते विचारलं.

स्कॅनच्या दिवशी त्यांना एक सुई टोचली आणि आतल्या छोट्या खोलीत एकटीला झोपवलं. औषध अंगात भिनेपर्यंत पडून राहायचं, हालायचं नाही, आणि नर्सने जाता जाता सांगितलं, बोलायचंही नाही. घशाचे स्नायू हलले तर स्कॅनमध्ये तिथेही उजेड दिसतो म्हणे. मैनाबाईंना ऑपरेशन चाललं असतं. सुया चालल्या असत्या. पण बोलायचं नाही?

खोलीत एक पांढरा दिवा आणि एक पांढरी भिंत. एरवी मनात काही आलं की ते तोंडातून बाहेर पडायचं आणि मन मोकळं. आता बाहेर पडायची वाट बंद, म्हणून सगळं आतच फिरायला लागलं. आधी भीती आली. इतके दिवस ती येत होती, पण दर वेळी मैनाबाई तिला चार शब्द सुनावून दारातूनच परत घालवत होत्या. आज ती आली आणि कॉटच्या कडेला बसली. फुप्फुस, लिव्हर, हाडं. त्यांना हाडं दुखताहेत असं वाटायला लागलं. गुडघा तर आधीपासूनच दुखत होता.

मग त्यांना कंबर धरून ओटीवर आलेली माणसं आठवायला लागली. ज्यांनी खडे आणून दाखवले ती सोडा. जी परत आलीच नाहीत ती. बरी झाली म्हणून आली नसतील, असं त्यांनी धरून चाललं होतं. कोणाला कधी विचारलं नव्हतं, फोटो काढलाय का, आत खरंच खडा आहे का. आणि स्वतःच्या पोटात पालाच पाला ढकलत होत्या, तेव्हा ती गाठ आत बसून तो पाला खात होती. प्रज्ञाने यातलं एक अक्षर बोलून दाखवलं नव्हतं. बरणीचं बोलली ती तेवढंच. मैनाबाई तिच्या जागी असत्या, तर त्यांनी सासूला उभा जन्म ऐकवलं असतं.

बाहेर आल्यावर त्यांच्या फोनवर नेमका महाडच्या कोणा हर्षदचा फोन आला, भावाला खड्याचा त्रास आहे, कधी आणू. मैनाबाई इतका वेळ गप्प राहिल्यामुळे तो सगळा साठा त्या बिचाऱ्यावर निघाला. आधी सोनोग्राफी करून घे, खडाच हाय का ते बघ, डॉक्टर खडा म्हणाला तरच पाल्याला ये, न्हायतर माझी पायरी चढू नको. फोन ठेवून त्यांनी प्रज्ञाकडे बघितलं. प्रज्ञा पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. ऐकूच आलं नाही असं तिने दाखवलं. मैनाबाईंना ते बरं वाटलं.

दोन दिवस ते रत्नपालच्या चुलतभावाकडे मुलुंडला राहिले. मैनाबाईंनी त्या चुलतभावाच्या बायकोला आमटीत कोकम किती घालायचं ते शिकवलं, पंख्यावरची धूळ दाखवली, आणि जेवल्या काहीच नाहीत.

स्कॅन बघून डॉक्टर रश्मी स्वतःच दारापर्यंत आल्या. आत बोलवायची वाटही बघितली नाही.

"आजी, एकाच ठिकाणी आहे. फक्त डावी किडनी. बाकी कुठेही काही नाही."

रत्नपाल बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मेकॅनिकचे हात, नखांत काळं गेलेलं, धुऊनही न निघणारं. मैनाबाईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. म्हणाल्या की किडनी माझी काढतायत, तू कशाला गळतोयस.

ऑपरेशन झालं. किडनी अख्खीच काढली, गाठीसकट. शुद्ध आल्यावर मैनाबाईंनी पहिल्यांदा डावी कूस चाचपली आणि दुखतंय पण ते दुखणं वेगळं आहे, असं जाहीर केलं. हे टाक्यांचं दुखणं होतं, उघडं, सरळ. आतल्या आत कुरतडणारं ते गेलं होतं. शेजारच्या कॉटवरच्या बाईला त्या सांगत, घरातून चोर गेल्यावर दार मोडलेलं दिसलं तरी कसं बरं वाटतं, तसं.

रोज डॉक्टरांचा घोळका यायचा. शिकणारी पोरं, पोरी. कॉटभोवती उभे राहून इंग्रजीत बोलायचे. मैनाबाईंना ते सगळं आवडत होतं, पण एके दिवशी त्यांनी डॉक्टर रश्मींना विचारलंच की रोज माझी ही जत्रा कशाला. तेव्हा रश्मींनी सांगितलं की असा आजार फार कमी बघायला मिळतो, आणि तुमची परवानगी असेल तर तुमच्याबद्दल डॉक्टर लोकांच्या मासिकात लिहायचं आहे. म्हणजे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे अशी बाई आली, तर त्याला लवकर सुचेल.

मैनाबाई लगेच तयार झाल्या. नाव नीट लिहा म्हणाल्या, मैना चांगदेव, मुक्काम मुरूड, जिल्हा रायगड. नवऱ्याचंही नाव राहील, बिचारा कधी कुठे छापून आला नाही. रश्मींनी हळूच सांगितलं की नाव छापत नाहीत. फक्त अमुक वयाची एक बाई, एवढंच.

"एक बाई?" मैनाबाई म्हणाल्या. "आजार माझा, किडनी माझी, कापलं मला, आणि छापायचं एक बाई?"

रश्मींनी नियम सांगितला, कारण सांगितलं. प्रज्ञानेही समजावलं. शेवटी तडजोड झाली ती अशी की बाई समुद्रकाठची आहे, एवढं रश्मी लिहिणार. आणि हेही लिहिणार की बाईने बरेच दिवस अंगावर काढलं, कारण तिला वाटत होतं खडा आहे. हे दुसरं मैनाबाईंनी स्वतःच घालायला लावलं. नाव नाही तर नाही, पण निदान खरं तरी असू दे.

घरी आल्यावर सलाईनी चालू झाल्या. एकाच किडनीला झेपतील अशा बेताने, दर वेळी मुंबईला जाऊन. केस गेले. मैनाबाई रत्नपालचा टॉवेल डोक्याला गुंडाळून ओटीवर बसायच्या आणि वेणूबाई रस्त्यावरून जाताना दिसली की आपण होऊन हाक मारायच्या. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. वेणूबाईने एकदा विचारलं, मैनाकाकी, पाल्याने का नाही गेलं हो. मैनाबाई म्हणाल्या, पाला खड्याला असतो गं, हा खडा नव्हता, हे माझ्यावर रुसलेलं जुनं पावणं होतं. वेणूबाई आत आली, चहा प्याली, आणि दुसऱ्या दिवशी न विचारता पेजेचं पातेलं आणून ठेवून गेली.

थंडी सरली. सलाईनी संपल्या. मग परत अख्ख्या अंगाचा स्कॅन, आणि हाच खरा. किडनी तर काढली, पण आणखी एखादी पेशी कुठे दडी मारून बसली असेल तर ती आता दिसणार होती. यावेळी बोटी चालू होत्या. जाताना रत्नपालला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासू-सून दोघीच निघाल्या. मांडव्याहून गेटवेपर्यंत मैनाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. प्रज्ञाने दोनदा विचारलं, काही हवंय का. दोनदाही त्यांनी मान हलवली.

डॉक्टर रश्मी पडद्यावर स्कॅन वरपासून खालपर्यंत सरकवत होत्या. मान, छाती, पोट. मैनाबाई पडद्याकडे बघत नव्हत्या, रश्मींच्या तोंडाकडे बघत होत्या. पडद्यातलं त्यांना कळत नव्हतं, तोंडावरचं कळत होतं.

"काही नाही," रश्मी म्हणाल्या. "कुठेच नाही."

"पाठीत?"

"नाही."

"हाडांत? ह्या गुडघ्यात?"

"आजी, गुडघ्यात तुमचं वय आहे. दुसरं काही नाही."

मैनाबाई हसल्या. मग म्हणाल्या, आता परत कधी यायचं ते सांगा. दर तीन महिन्यांनी, असं उत्तर आलं. कुठल्या वारी तेही सांगा म्हणाल्या, मंगळवार नको, दर मंगळवारी हिच्या शाळेत चाचणी असते. प्रज्ञाने चमकून सासूकडे बघितलं. तिला वाटत होतं, तीन महिन्यांनी आणायचं तर भांडून आणावं लागणार.

परतीच्या बोटीत खालच्या बाजूला खिडकीजवळ जागा मिळाली. रत्नपालला फोन झाला. त्याने तिकडे आगारातल्या कोणाला तरी ओरडून सांगितलं आणि तिकडून टाळ्या ऐकू आल्या. मैनाबाईंनी फोन बंद केला. एस.टी.वाल्यांना टाळ्या कशाला, म्हणाल्या, गाड्या वेळेवर सोडा म्हणावं.

बोट गेटवे सोडून मोकळ्या पाण्यात आली. वारा थंड होता, ऊन उबदार. मैनाबाईंना बोलायचं होतं. इतक्या दिवसांचं साचलं होतं. डाग लपवत मागे चालल्याचं, बरणीचं बोलून परत कधी न बोलल्याचं. त्या तोंड उघडून सुरुवात करणार, तर प्रज्ञाचं डोकं त्यांच्या खांद्यावर येऊन पडलं. गाढ झोपली होती ती. तोंड जरा उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, हातातली पर्स सुटायला आलेली.

मैनाबाईंनी पर्स तिच्या हातातून काढून आपल्या मांडीवर घेतली. चष्मा काढावा का, असं त्यांना वाटलं, पण जाग येईल म्हणून राहू दिला. डोकं नेमकं डाव्या बाजूला आलं होतं. खाली टाक्यांची जागा ओढत होती, खांदा जड होत होता. त्या हलल्या नाहीत.

समोरच्या बाकावर एक बाई पिशव्या घेऊन बसली होती. तिने विचारलं, लेक का?

"सून," मैनाबाई म्हणाल्या. "मास्तरीण हाय. हळू बोला जरा."

बाई गप्प झाली. मैनाबाईंनीही पुढे काही सांगितलं नाही. पाणी बोटीच्या अंगाला थपाथप लागत होतं, एक पांढरा पक्षी बराच वेळ खिडकीबरोबर उडत राहिला. पोटात भूक लागली होती, चांगली, कडाडून, कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी. घरी जाऊन बांगडा तळायला सांगायचा की स्वतःच तळायचा, याचा त्या विचार करत राहिल्या आणि स्वतःच तळायचा असं ठरवलं. सुनेच्या हाताला मीठ कमी पडतं.

मांडव्याची जेट्टी आली. माणसं उठली, बॅगा ओढल्या, मधल्या वाटेत गर्दी झाली. बोटीवरचा माणूस येऊन म्हणाला, चला आजी, उतरा. मैनाबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"उतरू दे आधी सगळ्यांना," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "आम्हाला घाई न्हाय."